कुमारवयीनांची पुस्तकं: निवडायची कोणी, बाद करायची कशी?

पानखूण (धागाकर्ता)

सार्वजनिक वाचनालयात मी अकरा वर्षं ग्रंथपाल आहे. बालविभागात रोज येणारी मुलं तेराव्या वर्षाच्या आसपास येईनाशी होतात. पुन्हा दिसतात ती अभ्यासिकेत, स्वतःची पुस्तकं घेऊन. आमच्या कपाटांकडे बघतही नाहीत. त्यात दोष त्यांचा नाही. या मधल्या वयासाठी आपण घेतो काय? थोरांची चरित्रं, व्यक्तिमत्त्व विकास आणि परीक्षेची मार्गदर्शकं.

माझं म्हणणं असं: १२ ते १८ वयोगटासाठी वेगळं कपाट हवं, वेगळी तरतूद हवी आणि त्यातली निम्मी खरेदी मुलांच्या मागणीवरून व्हावी. कॉमिक्स, मांगा (जपानी चित्रकथा), भयकथा, जे मागतील ते. मालिका घ्यायची तर पूर्ण घ्यावी. तिसरा भाग गहाळ असेल तर चौथ्याला कोणी हात लावत नाही. जाड पुठ्ठ्यापेक्षा साध्या बांधणीची पुस्तकं घ्यावीत, तेवढ्याच पैशात जास्त प्रती येतात आणि दप्तरात मावतात. आणि दोन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं पुस्तक बाद करावं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच ‘पुस्तकं वापरासाठी आहेत’ हा आहे. वापर नाही तर जागा का अडवायची?

उंबरठा

वेगळ्या कपाटाला माझा स्पष्ट विरोध. तेरा वर्षांचा मुलगा आणि अठरा वर्षांची मुलगी यांना एका पाटीखाली उभं केलंत, तर अठरावाली तिथे फिरकणार नाही. या वयातल्या वाचकाला आपल्यापेक्षा मोठ्यांचं वाचायचं असतं. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या युवा विभागाकडून १९९८ पासून अ‍ॅलेक्स पुरस्कार दिले जातात. दरवर्षी दहा पुस्तकं, सगळी मोठ्यांसाठी लिहिलेली, पण १२ ते १८ च्या वाचकांना भिडणारी. ज्यांच्या स्मरणार्थ ते दिले जातात त्या मार्गारेट एडवर्ड्स यांनी बाल्टिमोरच्या सार्वजनिक वाचनालयात कुमारवयीनांसाठीच हयात घालवली. तुमच्या योजनेत मांगाचे वीस भाग संपवलेल्या मुलाने पुढे कुठे जायचं, याचं उत्तर नाही.

पानखूण

कपाट वेगळं म्हणजे कुंपण नव्हे. त्याच कार्डावर वाचनालयातलं कुठलंही पुस्तक नेता आलं पाहिजे. मोठ्यांच्या विभागातल्या निवडक कादंबऱ्यांची दुसरी प्रत कुमार कपाटात ठेवता येईल, म्हणजे दोन्हीकडून वाट राहील.

दोन मुलांचा बाबा

मागणीवर खरेदी मला पटत नाही. मुलं माहीत असलेलंच मागतात. ज्याचं नावही कानावर आलेलं नाही, ते मागणार कसं? शिवाय मागणीच्या वहीत लिहितात ती चार धीट मुलं, आणि निम्मं कपाट त्या चौघांच्या आवडीचं होतं. सार्वजनिक पैशातून घेताना ग्रंथपालाने आपली नजर वापरावी, त्यासाठीच तो तिथे असतो. कॉमिक्सला माझा विरोध नाही, माझा धाकटा त्यावरच वाचायला शिकला. आणखी एक: शरीर, लैंगिकता, अत्याचार या विषयांवरची पुस्तकं उघड्या कपाटात नकोत. ग्रंथपालाकडे असावीत, मागणाऱ्याला द्यावीत.

नोंद_नसलेली

वरच्या दोघांना एकत्रच उत्तर देते, कारण दोघांचंही माझ्या बाबतीत चुकलं असतं.

पंधराव्या वर्षी माझ्यासोबत काही घडलं होतं आणि त्याला काय म्हणतात हेही मला ठाऊक नव्हतं. वाचनालयात खालच्या फळीवर मुलींच्या आरोग्याचं एक पुस्तक होतं, त्यात त्यावर एक प्रकरण होतं. ते मी सहा-सात वेळा वाचलं. कपाटाच्या आड, उभ्याने. घरी एकदाही नेलं नाही, कारण नेलं असतं तर कार्डावर चढलं असतं आणि कार्ड आईच्या पाकिटात असायचं. वाचून झालं की ते मी मुद्दाम भूगोलाच्या पुस्तकांमागे ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी मलाच सापडेल.

दोन वर्षांच्या नियमाने ते पुस्तक बाद झालं असतं. देवघेव शून्य. आणि ते ग्रंथपालाच्या टेबलामागे असतं तर मी मेले तरी मागितलं नसतं. बाबा, ‘मागणाऱ्याला द्यावं’ हे तुम्ही चांगल्या मनाने म्हणताय, पण मागता येत नाही हीच तर अडचण असते.

उंबरठा

हे वाचून थांबलो. चुकीच्या कपाटात सापडणारं पुस्तक हीसुद्धा वापराचीच खूण आहे, हे लक्षात आलं नव्हतं. टेबलांवर राहिलेली पुस्तकं उचलताना मोजणारी वाचनालयं आहेत. जागच्या जागी वाचलेल्याचा तेवढा तरी अंदाज येतो. आडव्या-तिडव्या सापडलेल्या पुस्तकांचीही तशीच नोंद ठेवता येईल.

पानखूण

दोन वर्षांचा नियम मागे घेतो. बाद करण्यासाठी ‘क्रू’ नावाची पद्धत आहे. तिच्यात पुस्तकाचं वय आणि शेवटची देवघेव यांच्या जोडीला मजकूर दिशाभूल करणारा, कालबाह्य किंवा पुस्तक फाटकं आहे का, हेही बघतात. मी आकडाच तेवढा उचलला. या विषयांना देवघेवीचा निकष लावणार नाही, पण माहिती जुनी झाली की नवी आवृत्ती घ्यावीच लागेल. आरोग्यातली चुकीची माहिती वाचनात येणं पुस्तक नसण्याहून वाईट. अशी पुस्तकं कुमार विभागातच, टेबलावरून न दिसणाऱ्या बाजूला ठेवू, आणि शक्य तिथे दोन प्रती घेऊ.

मागणीबाबत बाबांचं अर्धं मान्य. वहीऐवजी बंद पेटी ठेवतो, नाव न लिहिता चिठ्ठी टाकता येईल. निम्म्या वाट्यावर मात्र मी ठाम आहे.

दोन मुलांचा बाबा

पेटी चालेल. निम्मा वाटा अजूनही जास्त वाटतो, एक तृतीयांश पुरे. उघड्या कपाटाबद्दल मी घरी बोलेन. माझी मोठी चौदा वर्षांची आहे. तिचं कार्ड माझ्या खिशात असतं, ते आज तिला देतो.