मदत हवी आहे: लय जुळते, पट्टी जुळत नाही (टेक्नो मिक्सिंग)

नमस्कार मंडळी,

वर्षभर घरीच डीजे कंट्रोलरवर हात बसवतोय. पुढच्या महिन्यात मित्राच्या फार्महाऊसवर पहिल्यांदाच लोकांसमोर दीड तास वाजवायचं आहे, सगळं टेक्नो. बीट कानाने जुळवता येतात, आपोआप वेग जुळवणारं सिंकचं बटण लागत नाही. घोडं अडलंय सुरांत.

एक ट्रॅक १३२ बीपीएमचा (मिनिटाला १३२ ठोके), दुसरा १४० चा. रेकॉर्डबॉक्स हे डीजे सॉफ्टवेअर दोघांनाही ८ए दाखवतं, म्हणजे ए मायनर पट्टी. पहिला १४० ला नेला, किकवर किक (ड्रमचा जड ठोका) चपखल बसली. मग दुसऱ्याचा पॅड (मागे लांब धरलेले सूर) वर आला आणि सरळ बेसूर! कॅमेलॉटच्या चाकावर (पट्ट्यांना १ ते १२ आकडे देणारा तक्ता) आकडा एकच असताना हे कसं? लहानपणी पेटी शिकलोय, म्हणून ती काढून बघितली. १३२ चा ट्रॅक मूळ वेगात पांढरी सहावर बसतो, १४० ला नेला की काळी पाचवर.

मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) चालू केला की सूर जागेवर येतो, पण किक बोथट होते, ओल्या गादीवर धपाटा मारल्यासारखी. तो बंद ठेवून दोघांना मधे १३६ वर आणून पाहिलं, तरी बेसूरच. काय चुकतंय?

प्रतिसाद १

चाकावरचा आकडा मूळ वेगाचा असतो. मास्टर टेम्पो बंद असेल तर वेग आणि सूर एकाच दोरीला बांधलेले. वेग साधारण ६ टक्के वाढला की सूर एक अर्धस्वर चढतो. १३२ चे १४० म्हणजे ६ टक्क्यांहून किंचित जास्त, म्हणून काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट. तुमची पेटी बरोबर आणि सॉफ्टवेअरही बरोबर.

१३६ वर भेटवून उपयोग नाही, कारण एक ३ टक्के चढतो आणि दुसरा जवळपास तेवढाच उतरतो. दोघांमधलं अंतर तसंच राहतं. त्याऐवजी १४० चा असा ट्रॅक शोधा जो मुळातच बी फ्लॅट मायनर आहे, म्हणजे ३ए. अर्धस्वर वर जाणं म्हणजे चाकावर ७ घरं पुढे: ८ अधिक ७ पंधरा, त्यातून १२ वजा, उरले ३. कागदावर ही जोडी विजोड दिसते, वाजवल्यावर मात्र जुळते. मग दोघांना १३६ वर आणा नाहीतर १४० वर, फरक पडत नाही.

खरी डोकेदुखी ३ टक्क्यांची, म्हणजे १३२ आणि १३६. सूर दोन पट्ट्यांच्या मधे लटकतो, तिथे पेटीचाही इलाज नाही. अशा वेळी दोन्ही डेकवर मास्टर टेम्पो लावा, एवढ्याशा ताणाने किक फारशी बिघडत नाही. किंवा नुसते ठोके चालू असतात तिथेच मिक्स उरका. जुन्या टेक्निक्स १२०० टर्नटेबलवर तबकडीचा वेग ८ टक्के वर-खाली करायची एवढीच सोय होती, मास्टर टेम्पो कुठला! तरी लोक रात्र रात्र वाजवायचेच.

प्रतिसाद २

त्या ८ए वर डोळे झाकून विसंबू नका राव. टेक्नोत बऱ्याचदा कॉर्डच नसतात, मग सॉफ्टवेअर किकची शेपटी नाहीतर रंबल (किकमागची खोल घरघर) पकडून अंदाज ठोकतं. पेटी आहे तर प्रत्येक ट्रॅकचा बास तिच्यावर तपासा आणि कॉमेंटच्या रकान्यात सरळ ‘काळी दोन’ वगैरे लिहून ठेवा.

आणि बास एका वेळी एकाचाच. नव्या ट्रॅकचा लो (बासचं बटण) पूर्ण बंद ठेवून आत आणा, १६ किंवा ३२ बार (एक बार म्हणजे चार ठोके) जाऊ द्या, मग समेवर अदलाबदल. निम्मा बेसूरपणा तिथेच मरतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार! काल ३ए वाला सापडला, १४० ला बसला एकदम. पेटीवर ३० ट्रॅक तपासून झाले, त्यातल्या ५ ची पट्टी सॉफ्टवेअरने चुकीची लावली होती. आई विचारत होती, रात्री अकराला एकच सूर काय धरून बसलायस.

एक राहिलंच. सुरुवात १३० ने करून दीड तासात १४२ पर्यंत चढायचंय. एकाच ट्रॅकमध्ये हळूहळू २-३ बीपीएम सरकवले तर नाचणाऱ्यांना सूर चढलेला कळतो का? मला हेडफोनमध्ये कळतोय, पण मी तर कान टवकारूनच बसलेला असतो.