तुटलेल्या पानझडी जंगलात रोपं लावावीत की खुंटांचे फुटवे राखावेत?

पानगळ:

शुष्क पानझडी जंगलाचा 2 हेक्टरचा तुकडा आहे. वारंवार तोड, मोकाट चराई आणि जवळजवळ दर उन्हाळ्यात वणवा, त्यामुळे मोठी झाडं मोजकीच उरलीत. साग, ऐन, धावडा, पळस, तेंदू यांचे खुंट मात्र जागोजागी आहेत आणि एकेका खुंटातून पंधरा-वीस काठ्या फुटल्यात. निम्म्या भागात घाणेरी (लँटाना) माजलीय, बाकी ठिकाणी कमरेइतकं गवत. पावसाळ्यात 2 × 2 मीटर अंतराने हेक्टरी 2,500 रोपं लावायचा विचार आहे. त्याआधी घाणेरी एकदम काढून टाकावी का? फुटव्यांचं काय करावं? आणि मुळात इतक्या रोपांची गरज आहे का?

बीजकोश:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोजल्याशिवाय मिळणार नाही, म्हणून खड्डे खणण्याआधी मोजणी करा. 5 मीटर दोरी आणि एक खुंटी पुरे. तुकडाभर विखुरलेल्या किमान 10 ठिकाणी खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ फिरवा. जागा डोळ्यांनी निवडू नका, नाहीतर पाय आपोआप हिरव्या भागाकडे वळतात. ठराविक पावलं चालून जिथे थांबाल तीच जागा. प्रत्येक वर्तुळात 50 सेंमीपेक्षा उंच रोपं, जिवंत खुंट आणि मोठी झाडं मोजा. एका खुंटाला वीस फुटवे असले तरी तो एकच धरायचा.

थायलंडमधल्या चियांग माई विद्यापीठाचं वनपुनर्स्थापना संशोधन केंद्र हीच पद्धत वापरतं. रोपं न लावता भागावं यासाठी त्यांचा आकडा वर्तुळामागे 25, म्हणजे हेक्टरी साधारण 3,100. इतकी दाटी असली की झाडांमधलं सरासरी अंतर 1.8 मीटरच्या आसपास येतं आणि दोन-तीन वर्षांत सावली मिळून गवत मागे हटतं. शुष्क जंगलाचं छत्र मुळातच विरळ असतं, त्यामुळे तिथे याहून कमी संख्येवरही काम भागतं असं माझं मत आहे.

50 सेंमीखालची रोपं वेगळी नोंदवा आणि त्यातली दोन-चार उकरून बघा. वर बोटभर कोंब आणि खाली मनगटाएवढं मूळ दिसलं, तर ते यंदाचं रोप नव्हे. शेंडा दरवर्षी वाळतो किंवा जळतो, मूळ मात्र जाड होत राहतं. अशा रोपाला दोन-तीन वर्षं आग आणि गुरांचं तोंड लागलं नाही तर ते झपाट्याने वर येतं. पिशवीतलं रोप या मुळाची बरोबरी करूच शकत नाही.

मूळखुंट:

फुटव्यांबद्दल. पहिल्या वर्षी विरळणी करू नका. त्या काळात वारा आणि जनावरं काही फुटवे मोडतातच, आधीच एक राखला आणि तोच गेला तर खुंट पुन्हा शून्यावर. दुसऱ्या वर्षी तीन ते पाच ठेवा, पुढे एक-दोनवर या.

कुठला राखायचा? सगळ्यात उंच असेल तो राखायचा, हा नियम चुकीचा आहे. जमिनीलगत, खुंटाच्या बुंध्यापाशी फुटलेला निवडा, त्याला पुढे स्वतःची मुळं धरता येतात. खुंटाच्या माथ्यावरचा फुटवा फक्त सालीच्या आधाराने उभा असतो. खुंट कुजला की तो वादळात सालीसकट उचकटतो. जुने खुंट उंच आणि फाटलेले असतील तर 10 ते 15 सेंमीवर धारदार हत्याराने तिरके छाटा, म्हणजे पाणी साचत नाही. साल मात्र फाटू देऊ नका. वेळ पानगळीनंतरची, नवी पालवी यायच्या आधीची. पालवी फुटल्यावर छाटलं तर मुळात साठवलेलं अन्न खर्च झालेलं असतं आणि नवा फुटवा दुबळा येतो.

तेंदू आणि पळस मुळांपासूनही कोंब काढतात, त्यामुळे खुंटापासून दूर दिसणारी रोपं बियांचीच असतील असं समजू नका. धावड्याची अडचण वेगळी आहे. त्याचं बहुतेक बी पोकळ निघतं, म्हणून त्याचा प्रत्येक जिवंत खुंट जपा.

घाणेरी एकदम काढू नका. तिच्या सावलीत झाडांची रोपं दबून असतात, अचानक भर उन्हात आली की करपतात. उतारावर मातीही वाहून जाते. आधी प्रत्येक रोपाभोवती 50 सेंमी मोकळं करा, मग समपातळीत पट्टे घेऊन पुढे सरका. जमिनीवरून कोयत्याने कापली तर दुप्पट फुटते, कारण फुटण्याची जागा खोड आणि मूळ यांच्या सांध्यावर असते. कुदळीने जमिनीखाली 3 ते 5 सेंमीवर मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. हे फळं पिकण्याआधी झालं पाहिजे. पुढचे दोन-तीन पावसाळे ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्याखाली फेरी मारावी लागेल, नवी रोपं तिथेच उगवतात आणि ओल्या मातीतून हाताने सहज निघतात. या फेऱ्या चुकल्या तर मोकळी जागा पुन्हा घाणेरीच धरते.

कुरण:

दोघांचं पटतं, पण एक अडचण नजरेतून सुटलीय. चराई पूर्ण बंद केली की गवत वाढतं, पुढच्या उन्हाळ्यात वाळतं, आणि वणवा आधीपेक्षा उंच ज्वाळांनी येतो. चराईबंदी करून जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) न काढणं म्हणजे सरण रचून ठेवणं. गवत वाळू लागताच कापून बाहेर न्या. सीमेवर 8 ते 10 मीटर रुंद पट्टा मातीपर्यंत खरवडा आणि पानगळ संपल्यावर पुन्हा झाडा, कारण पहिल्या सफाईनंतर पडलेल्या पानांवरूनच आग आत शिरते. फुटवे 2 मीटरच्या वर गेले की गुरांना थोडा वेळ आत सोडायला हरकत नाही. शेळ्या इतक्यात नकोत.

जमिनीखालच्या खोडापासून पसरणारं मऊ उंच गवत असेल तर कापण्यापेक्षा फळीने दाबून आडवं करा. कापलेलं लगेच फुटतं, मोडून पडलेलं खालच्या कोंबांवर सावली धरतं. आधी एक झुबका वाकवून बघा. सकाळपर्यंत आडवाच राहिला तर वेळ बरोबर आहे. ठोंबाने वाढणाऱ्या गवतावर मात्र हा उपाय चालत नाही.

आणि खुंट अजिबात नसलेला, पण कंदवाली फुलझाडं भरपूर असलेला पट्टा दिसला तर तिथे झाडं लावू नका. ते मूळचं गवताळ रान असू शकतं.

पानगळ:

मोजणी झाली. दहा वर्तुळांत 31, 28, 4, 19, 26, 2, 33, 22, 27, 3. सरासरी 19.5, म्हणजे हेक्टरी 2,480 च्या आसपास. मग 3,100 ला कमी पडणारी हेक्टरी 620 रोपं सगळीकडे विखरून लावायची का?

बीजकोश:

नाही. सरासरीने इथे फसवलंय. 4, 2 आणि 3 ही वर्तुळं बाजूला काढा. उरलेल्या सातांची सरासरी 26.6, म्हणजे हेक्टरी जवळजवळ 3,400. तिथे एकही रोप लावू नका, खड्डा खणताना आहेत तीच मुळं तुटतील. रोपं लागलीच तर फक्त त्या तीन रिकाम्या जागांच्या आसपास, आणि तीही पुंजक्यांनी. कोस्टा रिकातल्या प्रयोगात 4, 8 आणि 12 मीटर बाजूची झाडांची बेटं लावून बघितली होती, त्यात मोठ्या बेटांनी पक्षी आणि बी जास्त ओढलं. ते दमट जंगल होतं, पण तत्त्व इथेही लागू पडतं. बेटात मोठ्या बियांच्या जाती घ्या. वाऱ्याने आणि लहान पक्ष्यांनी येणाऱ्या जाती आपल्या आपण येतील.

मूळखुंट:

त्याआधी त्या जागा रिकाम्या का आहेत ते शोधा. पाऊस पडून दोन दिवसांनी लोखंडी सळई हाताने दाबा. 10 सेंमीवर अडली तर थोडं खणून बघा. खाली खडक लागला तर ती जागा गवताला सोडा. गुरांच्या बसण्याने माती घट्ट झाली असेल तर टिकावाने समपातळीत सैल करा आणि उपटलेल्या, पूर्ण वाळलेल्या, फळं नसलेल्या घाणेरीच्या फांद्या आडव्या रचा. पालापाचोळा, माती आणि बी त्यांच्यामागे अडतं. फक्त ही रास जाळरेषेपासून लांब ठेवा. एक पावसाळा जाऊ द्या, मग तीच तीन वर्तुळं पुन्हा मोजा आणि रोपांची संख्या तेव्हा ठरवा.