बाबांच्या पोटावर जांभळा डाग, पण मार कुठेच लागलेला नाही

प्रश्न
बाबा ७४ वर्षांचे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून ३ वर्षांपासून वॉरफरीन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू आहे. आठवडाभर कोरड्या खोकल्याने हैराण आहेत, उबळ आली की पोट धरूनच बसतात. काल बनियन बदलताना आईला दिसलं, बेंबीखाली उजव्या अंगाला तळहाताएवढा जांभळा डाग. हात लावला तर आत काहीतरी टणक लागतं. बाबांचं उत्तर ठरलेलं: "पट्टा काचला असेल." घरी पट्टा लावतं कोण! कशामुळे होत असेल?

उत्तर १
खुब्याच्या ऑपरेशननंतर मला पोटात रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं होती, तेव्हा माझं पोट असंच चितारलेलं असायचं. पण ते डाग नाण्याएवढे, सुई टोचली तिथेच. बाबांना इंजेक्शन नसेल तर हे प्रकरण वेगळं वाटतं.

उत्तर २
निवृत्त नर्स आहे. बाबांना उताणं झोपवून डोकं-खांदे जरा उचलायला सांगा. त्याने दुखणं वाढलं तर बहुधा पोटाच्या भिंतीतलं दुखणं. जोराच्या खोकल्याने पोटाच्या सरळ स्नायूतली रक्तवाहिनी फाटते आणि स्नायूच्या आवरणात रक्त साचतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या वयस्कर माणसांत हे होतं. मुख्य प्रश्न: खोकल्यासाठी नवीन अँटिबायोटिक दिलंय का? काही अँटिबायोटिक्सनी वॉरफरीनचा जोर वाढतो. अनियमित ठोक्यांच्या आजारात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा; जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) साधारण २ ते ३ ठेवतात. आजच आयएनआर आणि हिमोग्लोबिन बघा, पुढचा डोस घ्यायचा का तेही डॉक्टरांनाच विचारा. चक्कर, घाम, चेहरा पांढराफटक, गाठ वाढतेय, यातलं काहीही दिसलं तर थेट कॅज्युअल्टी.

बेंबीभोवती निळसर झाक (कलेन यांनी १९१८ मध्ये नोंदवलेली) किंवा कुशीवर डाग (ग्रे टर्नर, १९२०) हे पोटाच्या आतल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं: स्वादुपिंडाची तीव्र सूज, बाईमाणूस असेल तर गर्भाशयाच्या नळीत वाढणारा गर्भ फुटणं. हे डाग उमटायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून पोट भयंकर दुखत असेल तर डागाची वाट बघत बसू नये.

उत्तर ३
अंगावर इतरत्रही डाग, हिरड्यांतून रक्त असं असेल तर प्लेटलेट्स आणि लिव्हरही तपासा. माझ्या प्लेटलेट्स १८ हजारांवर आल्या होत्या (किमान दीड लाख हव्यात). मला मात्र आधी पायावर पुरळासारखे लाल ठिपके आले होते.

मूळ प्रश्नकर्ती
ताई, अँटिबायोटिक होतं. पाच दिवसांचं. लिहून देणाऱ्यांनी चालू गोळ्या विचारल्या नाहीत, बाबांनीही सांगितल्या नाहीत. आयएनआर ५.८ निघाला, सोनोग्राफीत स्नायूत ६ सेंटीमीटरचा रक्ताचा साठा. वॉरफरीन थांबवलंय, व्हिटॅमिन के दिलं, ॲडमिट आहेत. डाग जांघेकडे उतरलाय. सिस्टरनी डागाची कड पेनने आखून बाजूला वेळ लिहिलीय, आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सदरा वर करून तो नकाशा दाखवतायत.