खंड परिक्रमा: कुठे थांबलात, आणि परत तिथेच कसे गेलात?

नर्मदे हर!

नर्मदा परिक्रमा सलग केलेल्यांचे अनुभव मराठीत भरपूर वाचायला मिळतात. पण नोकरी, मुलांच्या परीक्षा, घरातली आजारपणं सांभाळून दरवर्षी आठ-पंधरा दिवस काढणारे आणि गेल्या वर्षी जिथे थांबलो तिथून पुढे चालणारे, म्हणजे खंड परिक्रमा करणारे, फारसं लिहीत नाहीत. काहींना वाटतं, आपली परिक्रमा पूर्ण परिक्रमेत धरली जाणार नाही. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत मैयाची, म्हणजे नर्मदेची, लांबी १३१२ किमी. दोन्ही तट धरले की दुप्पट, आणि धरणांच्या फुगवट्यामुळे वाट किनारा सोडून लांबून जाते, म्हणून प्रत्यक्ष चालणं त्याहूनही जास्त. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, चातुर्मासात चालायचं नाही. शास्त्रोक्त परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. टप्प्याटप्प्याने चालणंही काही आजचं नाही. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ पासून कितीतरी वर्षं असेच खंडाखंडाने चालले.

तर लिहा. कुठे थांबलात, का थांबलात, परत त्या जागी कसे पोचलात. माझ्यापासून सुरुवात करते.

मी पुण्याची. पहिला टप्पा ओंकारेश्वर ते बडवानी ठरवला होता, दक्षिण तटाने, दहा दिवसांचा. तिसऱ्या दिवशी दुपारी रावेरखेडीला पोचलो. थोरल्या बाजीरावांची समाधी इथे आहे. २८ एप्रिल १७४० ला ते इथेच गेले. पुण्याच्या माणसाला त्या जागी काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. मी आवारात बूट काढत होते आणि फोन वाजला. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं.

खाली घाटावर गेले, बाटलीत पाणी भरून घेतलं आणि मैयाला सांगितलं, इथूनच उचलीन. बेडियाला जीप, सनावदला बस, खंडव्याहून रेल्वे. घरी आल्यावर ती बाटली देवघरात ठेवली. सासूबाई वॉकर धरून चालायला लागल्या तशा रोज सकाळी देवघरापर्यंत यायच्या आणि बाटलीकडे बघून विचारायच्या, "पाणी कमी झालं का गं?" झाकण घट्ट होतं, तरी विचारायच्या. अकरा महिन्यांनी मी निघाले तेव्हा त्यांनी स्वतः ती बाटली माझ्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवली. त्या वर्षी रावेरखेडीहून बडवानी झालं. मग असंच करत सात टप्पे, सात वर्षं.

ओंकारेश्वरहून उचलणाऱ्यांना एक गोष्ट फार जाणवते. ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर आहे, म्हणजे परिक्रमा पूर्ण होईपर्यंत तिकडे जाता येत नाही. निघताना दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि पलीकडचं शिखर लांबून बघायचं. सलगवाल्यांना पाच-सहा महिने थांबावं लागतं, मी सात वर्षं थांबले. शेवटच्या दिवशी झुलत्या पुलावर पाय ठेवला तेव्हा बरोबरच्या बाईंचा हात घट्ट धरला होता, एवढंच आठवतं. वर जाऊन जल चढवलं, कन्यापूजन केलं, कढाई केली, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद केला.

ठाणे, बँकेत नोकरी

ताई, धागा काढलात, फार बरं केलंत. माझं आतापर्यंत चार टप्पे झालेत. माझी पद्धत सांगतो. दोन शनिवार-रविवार आणि मधले पाच दिवस, म्हणजे नऊ दिवस. त्यातला पहिला आणि शेवटचा प्रवासात जातो. उरलेल्या सातांत दिवसाला वीस-बावीस किमी धरायचे, त्याहून जास्त नाही. टप्पा नेहमी बस मिळेल अशा गावी संपवायचा. पाठीवर सहा किलोच्या वर ओझं नको. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्या. मी पहिल्या वर्षी बरोबर मापाचे घातले आणि उतारावर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली.

शूलपाणीची झाडी, म्हणजे बडवानी ते गोरा हा जंगलाचा पट्टा, एका दमात करायची असं ठरवलं होतं. पूर्वी तिथे परिक्रमावासीयांना लुटायचे, अंगावरच्या लंगोटीवर सोडायचे, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आज तेच भिल्ल बांधव वाटेत चहासाठी हाक मारतात. धरणाच्या पाण्याखाली जुनी वाट गेल्यामुळे आता डोंगर चढून-उतरून जावं लागतं. एका घरी मुक्काम केला. घरातल्या बाईने ज्वारीची भाकरी तव्यावरून काढली, निखाऱ्यांवर उभी करून फिरवत फिरवत शेकली आणि थेट माझ्या हातावर ठेवली, वर लाल मिरचीचा ठेचा. त्या घरात पाच भाकऱ्या झाल्या. तीन आम्हा पाहुण्यांना दिल्या, आणि उरलेल्या दोनांत घरची चार माणसं जेवली. हे मी मोजलं, आणि ते डोक्यातून जात नाही. त्यानंतर घरून निघताना पाच किलो डाळ-तांदूळ वेगळे घेतो आणि झाडीच्या तोंडाशी असलेल्या अन्नछत्रात देतो.

गुडघा सुजला म्हणून धडगावला थांबलो. बसस्थानकावर लाल एसटी आणि पाटीवर 'शहादा' दिसलं, कंडक्टर मराठीत ओरडत होता, आणि मला रडू आलं. पुढच्या वर्षी त्याच स्थानकावर, त्याच बाकावर बसून बूट बांधले.

नाशिक, नवरा-बायको दोघं

आमचा प्रश्न वेगळा होता. दक्षिण तटावर असेपर्यंत घरी जाताना मैया ओलांडावी लागत नाही. पण मुखाशी होडीने समुद्र पार करून उत्तर तटाला लागलं की घरी परतायचं म्हणजे भरूचचा रेल्वेपूल आलाच. आमच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी सरळ सांगितलं, "पूल ओलांडलात की परिक्रमा खंडित." ही गोष्ट फार खटकली. दोन वर्षं आम्ही गेलोच नाही.

शेवटी नारेश्वरला एका वृद्ध साधूंना विचारलं. ते म्हणाले, संकल्प इथे ठेवून जा, आल्यावर उचला. तेव्हापासून आम्ही टप्प्याच्या शेवटच्या दिवशी घाटावर पूजा करतो, शिरा करून तिथल्या मुलांना वाटतो, आणि जलाची बाटली त्याच तटावरच्या आश्रमात ठेवून येतो. ती पुलावरून नेत नाही. गाडी पुलावर आली की दोघं हात जोडतो. परतल्यावर आधी बाटली घ्यायची, मग काठी. बाटली एकदाही हरवली नाही. एका आश्रमात तर तिच्यावर आमचं नाव लिहून देव्हाऱ्यात ठेवली होती.

समुद्राचं कोणी विचारेल म्हणून लिहिते. विमलेश्वरहून होडी भरतीच्या वेळेवर सुटते, आमची पहाटे अडीचला सुटली. गुडघाभर चिखलातून होडीपर्यंत जायचं, मग अंधारात दाटीवाटीने बसायचं. दोन्ही काठ दिसेनासे झाल्यावर सगळे गप्प झाले. निम्मं जल समुद्राला दिलं आणि निम्म्या बाटलीत समुद्र भरून घेतला. मिठी तलाईला उतरलो तेव्हा उजाडलं होतं. या टप्प्यासाठी हाताशी दोन दिवस जास्त ठेवा. भरती आणि होडी आपल्या रजेच्या तारखा बघत नाहीत.

धागाकर्ती

नाशिककर, पुलाबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं. माझ्या मते संकल्प चालण्याचा असतो. सासूबाईंसाठी मी घरी गेले तो अपराध मी कधीच मानला नाही, आणि तुम्हीही मानू नका. ती दोन वर्षं मात्र उगाच गेली, याचं वाईट वाटतं.

कोल्हापूर, शिक्षिका

मी एकटी चालते. थंडीतल्या सुट्टीत एक टप्पा, मे महिन्यात नाही, ऊन सोसत नाही. वाटेत सगळे 'माताराम' म्हणतात. आश्रमात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न, "कितनी मूर्ती हैं?" माणसं मोजताना मूर्ती म्हणायचं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं.

एक वाईट अनुभवही सांगते, नाव घेणार नाही. दक्षिण तटावर एका ठिकाणी अंधार पडता पडता पोचले. एकट्या बाईला ठेवत नाही म्हणाले. मी ओसरीवर झोपेन म्हटलं, तरी नाही. पुढचं गाव चार किमी. शेतातल्या वाटेने विजेरी घेऊन चालताना पाय थरथरत होते. गावाच्या पहिल्याच घरी हरभऱ्याची पेंडी सोलत बसलेल्या आजीबाई "नर्मदे हर" ऐकताच उठल्या. काही विचारलं नाही. हातपाय धुवायला पाणी दिलं, आसन लावायला, म्हणजे पथारी टाकायला, त्यांच्या खाटेशेजारची जागा दिली. सकाळी बालभोग म्हणून पोहे.

तेव्हापासून दुपारी चारनंतर चालत नाही. चारला जे गाव असेल तिथे आसन. एकट्या बायकांनी हे पक्कं धरावं, आणि आदल्या मुक्कामी पुढच्या ठिकाणाचा फोन नंबर घेऊन विचारून ठेवावं.

नागपूर

माझा टप्पा मी थांबवला नाही, देशाने थांबवला. मार्च २०२०. उत्तर तटाने चालत नेमावरच्या अलीकडे एक दिवसाच्या अंतरावर होतो. २२ तारखेला जनता संचारबंदी, आणि २५ पासून सगळंच बंद. ज्या शेतकऱ्याच्या घरी रात्रीपुरता उतरलो होतो तिथे मी एकोणपन्नास दिवस राहिलो. त्या माणसांनी मला एकदाही ओझं वाटू दिलं नाही. मी त्यांचा गहू भरायला हात लावला, धाकट्याला गणित शिकवलं. मेमध्ये गावातल्या एका मालवाहू गाडीतून हरद्यापर्यंत आणि तिथून कशीबशी सोय झाली. गाडीत जागा नव्हती म्हणून काठी तिथेच राहिली.

२०२१ च्या नोव्हेंबरात, देवउठनी (कार्तिकी) एकादशी झाल्यावर परत गेलो. काठी कोठीच्या कोपऱ्यात उभी होती. तिच्या टोकाला हळद-कुंकू लावलेलं, वर सुकलेला झेंडू. वहिनी म्हणाल्या, माघ सप्तमीला नर्मदा जयंतीची पूजा केली तेव्हा तिचीही केली, मैयाची वस्तू आहे. ती काठी घेऊन मी पुढे निघालो. नेमावरला सिद्धनाथाच्या पायऱ्यांवर बसेपर्यंत मुठीला कुंकू लागत होतं.

इंदूर

आम्ही इथले मराठी, पिढ्यान् पिढ्या. मैया दोन तासांवर, म्हणून चौघं मित्र महिन्यातून एका रविवारी जातो आणि पंधरा किमी चालून संध्याकाळी घरी येतो. मंडलेश्वर, महेश्वरकडून सुरुवात केली. थांबायच्या जागी खांबाचा नंबर आणि झाडाचा फोटो काढून ठेवतो. या वेगाने किती वर्षं लागतील याचा हिशोब आम्ही करत नाही. मुक्काम नाही, सदाव्रत (वाटेत मिळणारा शिधा) नाही, त्यामुळे वाटेवरच्या माणसांची ओळख कमी होते, हे खरं आहे. पुढच्या वर्षीपासून रात्रीचा एक मुक्काम धरायचं ठरवलंय.

दादर, वय ७१

माझ्याकडून संपूर्ण होणार नाही. चैत्रात उत्तरवाहिनी ही छोटी परिक्रमा केली, रामपुरा ते तिलकवाडा आणि परत, २१ किमी. तिथे मैया उत्तरेला वाहते. पहाटे तीनला निघालो, पात्र होडीने ओलांडलं, ऊन चढायच्या आत उरकलं. गर्दी फार. पण पहाटे वाळूतून हजारो पावलं चालल्याचा आवाज कानात राहिला आहे. पुढच्या चैत्रात पुन्हा जाणार.

न्यू जर्सी

दरवर्षी जानेवारीत दोन आठवडे येते. बाटली सांगलीला बहिणीच्या देवघरात असते. बहीण दर सोमवारी तिच्यापुढे दिवा लावते आणि फोटो पाठवते. तिला चालता येत नाही, आणि आम्ही दोघी मिळून ही परिक्रमा करतोय असं मी धरलंय. गेल्या जानेवारीत उत्तर तट पूर्ण करून अमरकंटकला थांबले. येत्या जानेवारीत तिथल्याच माई की बगियापासून दक्षिण तट धरणार. त्या सुमारास तिथून निघणारं कोणी आहे का? आणि थंडी किती असते?

धागाकर्ती

पेंड्रा रोड स्टेशनला उतरा, तिथून जीप मिळते. थंडी चांगलीच असते, पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं मी बघितलंय. लोकरीची टोपी आणि पायमोजे झोपण्यापुरते वेगळे ठेवा. पहिल्या दिवशी कबीर चबुतऱ्याच्या पुढे जायची घाई करू नका, जंगल आहे आणि अंधार लवकर पडतो. ठाणेकर, तुमचा पाचवा टप्पा कुठून आहे? तारखा जुळत असतील तर इथेच लिहा.