गॅमा प्रोबची केबल तिसऱ्यांदा गेली. सोल्डर मारू की वायरलेस घेऊ?

हत्यारवाला_मिरज
नमस्कार मंडळी. मिरजेत एका हॉस्पिटलात बायोमेडिकल बघतो, १९ वर्षं झाली.

गॅमा प्रोब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटला ऑपरेशनआधी टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य टोचतात. ते काखेतल्या सेंटिनल नोडमध्ये, म्हणजे रोग पसरलाच तर आधी जिथं पोचेल त्या गाठीत, जाऊन बसतं. जाड पेनाएवढा प्रोब काखेवर फिरवायचा, गाठ जवळ आली की आवाज चढतो. ती गाठ स्वच्छ निघाली की बाकीच्या काढायच्या वाचतात, पुढं हात सुजायचा धोका कमी.

आमच्या प्रोबची केबल कनेक्टरपासून चार बोटांवर जाते, दर वेळी तिथंच. सरळ तुटली असती तर बरं झालं असतं. ही तुटत नाही, खोटं बोलते. मंगळवारी रिकाम्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, प्रोब टेबलावर ठेवला, समोर काही नाही, काउंट (किरणांची मोजणी) सेकंदाला २-३. केबल नुसती बोटानं हलवली आणि एकदम ८०! आतली शील्डची, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारी, जाळी पिंजलीय.

आणि केस उद्यावर ढकलता येत नाही. टेक्निशियमचं हाफ-लाइफ ६ तास. सकाळी ८ ला टोचलेलं दुपारी २ ला निम्मं, दुसऱ्या दिवशी ८ ला सोळावा हिस्सा.

डीलर म्हणतो वायरलेस घ्या, ऑफिस म्हणतं सोल्डर मारा. वापरणाऱ्यांनी सांगावं.

काखेतली_कात्री
सर्जन आहे, दोन्ही वापरलेत. आधी एक विचारते, केबल ड्रेपला, म्हणजे पेशंटवरच्या निर्जंतुक कापडाला, कशानं अडकवता? टॉवेल क्लिपनं ना? तिच्या टोकानं केबलला भोक पडलेलं मी स्वतः पाहिलंय. आणि केस संपल्यावर मुलं ती हात-कोपरावर दोरीसारखी करकचून गुंडाळतात. कनेक्टरपाशी मरते ती त्यानं.

केबल नसली की हात मोकळा राहतो, केबलवर अडीच-तीन मीटर लांब निर्जंतुक स्लीव्ह चढवायची कटकट जाते. पण मी स्क्रीनकडं बघत नाही, कानानं काम करते. आवाज अर्धा सेकंद मागं पडला तरी हात पुढं गेलेला असतो. शिवाय गाठ काढल्यावर हिशेब असतो: सगळ्यात गरम गाठीच्या काउंटच्या १० टक्क्यांवर काखेत काही उरलं तर तेही काढायचं. तुमच्या ८० मुळं तो हिशेबच झोपेल. आधी ती केबल वापरातून काढा.

अँटेनावाला
डॉक्टर नाही, रेडिओचं काम करतो. वायरलेस प्रोबमध्ये पल्स मोजायचं काम मुठीतच होतं, हवेतून जातो फक्त आकडा. त्यामुळं केबल हलल्यानं वाढणारा खोटा काउंट हा प्रकारच राहत नाही. डेटा चिमूटभर, ब्लूटूथला ते काहीच नाही.

भानगड वेगळी आहे. २.४ गिगाहर्ट्झ माणसाच्या अंगात शोषलं जातं. सर्जनच्या पाठीमागं स्क्रीन-आवाजाचा डबा ठेवलात तर लिंक अडखळणार. आता विचार करा, तुमच्याकडं शांतता म्हणजे 'इथं गाठ नाही'. लिंक तुटली तरीही शांतताच! डेमोला पहिला प्रश्न हाच: लिंक गेली तर मशीन काय करतं?

ओटी_सिस्टर
चार्जिंगला कोण लावणार ते आधी ठरवा, नाहीतर सगळे मिळून माझ्याकडे बघतात. आणि केबल होती म्हणून प्रोब जमिनीवर पडत नव्हता. आमचा बिनकेबलचा एकदा ड्रेपच्या गुंडाळीतून लॉन्ड्रीच्या बोचक्यात गेला. नशीब, धुण्याआधी मोजणीत सापडला. आता इन्स्ट्रुमेंट काउंटमध्ये त्याचं नाव आहे.

हत्यारवाला_मिरज
सगळ्यांचे आभार. दोन डेमो झाले, कंपन्यांची नावं लिहीत नाही.

अँटेनावाल्यांचा प्रश्न विचारला नाही, करूनच बघितला. ऑटोक्लेव्हचा स्टीलचा ड्रम घेतला, ड्रमच्या खिडक्या बंद केल्या, आत कोबाल्ट-५७ चा चेक सोर्स, म्हणजे प्रोब तपासायचा किरणोत्सारी नमुना, आणि त्याला टेकवून प्रोब. झाकण लावलं. पहिल्या मशीनचा आवाज बंद, आणि स्क्रीनवर शेवटचा काउंट तसाच गोठलेला! कंपनीच्या साहेबांना म्हटलं, हा आकडा कुठला? ते म्हणाले, रिफ्रेश होईल. चहा आला, आकडा तोच. दुसऱ्यानं दोनेक सेकंदांत आकडा पुसला आणि कर्कश बीप सुरू केला, गाठीच्या आवाजापेक्षा अगदी निराळा. आमच्या सर्जन मॅडमनी डोळे मिटून तपासला, आवाज हाताबरोबर चालतो म्हणाल्या.

दुसऱ्याचं कोटेशन मागवलंय. अट एकच, त्याच डब्याला केबलचा प्रोबही लागला पाहिजे. ऐन केसमध्ये बॅटरी बसली तर मी काय टाळ्या वाजवू?

जुन्या केबलची मेलेली चार बोटं कापून नवा कनेक्टर बसवलाय. अर्धा तास हलवत बसलो, काउंट ३ च्या वर गेला नाही. तरी ती आता स्पेअरमध्येच. तोवर शेजारच्या हॉस्पिटलचा प्रोब मागून आणतो. टॉवेल क्लिप बंद, सिस्टर बँडेजच्या पट्टीनं सैल गाठ मारतात. केबल गुंडाळायला एक प्लास्टिकची बादली ठेवलीय, तिच्या घेराबाहेर वेटोळं घालायचं. वॉर्डबॉय हसतात, पण घालतात.