लाटा १ मीटरच होत्या, मग माझी कयाक उलटली कशी?

ओलाचिंब

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. दीड वर्ष झालं सी कयाकिंग करतोय, सिट-इन कयाक (पाय आत घालून बसायची अरुंद होडी), १६ फुटी, रोल (उलटल्यावर आत बसूनच परत सुलटं होणं) येतो, म्हणजे पूलमध्ये येतो. पंधरा दिवसांपूर्वी मी आणि मित्र कड्याच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या बीचवर जाऊन आलो, फोरकास्टमध्ये लाटा १.२ मीटर होत्या आणि अक्षरशः पाळण्यात बसल्यासारखं वाटलं. परवाच्या रविवारी लाटा १ मीटर दाखवत होतं, म्हटलं हे तर त्याहून सोपं. सकाळी जाताना काहीच त्रास नाही. दुपारी बाराच्या सुमाराला परत निघालो, वारा पाठीवर होता म्हणून उलट खुशच होतो, पण टोकापाशी आलो आणि सगळं चित्रच बदललं. लाटा एका दिशेने येतच नव्हत्या, पाणी जागच्या जागी टोकदार होऊन वर उडायचं आणि खाली बसायचं, वल्हं मारायला गेलो की तिथे पाणीच नसायचं. कड्यावर एक पांढरा पट्टा असलेला खडक आहे, तो अर्धा तास माझ्या उजव्या खांद्याशीच होता, पुढे सरकतोय असं वाटतच नव्हतं. मग कड्याच्या बाजूने एक थप्पड बसली आणि मी खाली. रोल दोनदा मारला, दोन्ही वेळा फसला, स्कर्टचा (कंबरेभोवतीचं, पाणी आत येऊ न देणारं झाकण) लूप ओढून बाहेर आलो.

बाहेर आल्यावर विचित्र गोष्ट बघितली, वल्हं हातातून सुटलं होतं ते एकीकडे चाललेलं आणि कयाक (डेकलाइन, म्हणजे वरची दोरी, मित्राने धरली नसती तर) बरोबर उलटीकडे. तिसऱ्या प्रयत्नात मित्राने मला आत घेतलं, दहा-बारा मिनिटं पाण्यात होतो, स्पेअर वल्ह्यावर घरी आलो. व्हीएचएफ (हातातला रेडिओ) होता, पण मागच्या हॅचमध्ये, म्हणजे झाकणाच्या सामानाच्या कप्प्यात. हो, शिव्या घाला.

प्रश्न एवढाच की १.२ ला काही झालं नाही आणि १ ला हे असं कसं? निघायच्या आधी हे कळण्यासारखं होतं का?

खारावारा

आधी जिवंत आहात हे छान. शिव्या नंतर घालतो. तीन गोष्टी सांगा: दोन्ही दिवशीचा पिरियड (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) किती होता, वारा किती नॉट्स (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी), आणि भरती-ओहोटीची वेळ काय होती?

ओलाचिंब

स्क्रीनशॉट आहेत. आधीच्या वेळी १.२ मीटर, पिरियड १३ सेकंद, वारा ५ नॉट्स. परवा १ मीटर, ५ सेकंद, वारा १४ नॉट्स. भरती सकाळी नऊला पूर्ण झाली, मग ओहोटी. पौर्णिमा दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. पिरियडचा आकडा मी खरं सांगायचं तर कधी बघतच नाही.

खारावारा

मग तुमचं उत्तर तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये आहे. लाटेची उंची हा आकडा सगळे आधी बघतात, पण एकटी उंची काहीच सांगत नाही. खोल पाण्यात लाटेची लांबी ढोबळमानाने पिरियडचा वर्ग गुणिले १.५६ एवढी मीटर असते. १३ सेकंदांची लाट म्हणजे एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत २६० मीटरच्या वर, त्यात १.२ मीटरची चढ म्हणजे कळतसुद्धा नाही, लिफ्टमध्ये उभं राहिल्यासारखं वर जाता आणि खाली येता. ५ सेकंदांची लाट जेमतेम ३९ मीटर. तीच मीटरभर उंची त्या तेवढ्या जागेत बसवा, उतार किती पटीने वाढला बघा. पहिली दूरवरून आलेली स्वेल होती, दुसरी तिथल्याच वाऱ्याने उठवलेली खडबड. (हां, पण लांब पिरियडची स्वेल गरीब असते असं समजू नका हं, उथळ पाण्यात आली की तीच उंच होऊन फुटते, उतरताना घाम काढते.)

दुसरं, ते १ मीटर म्हणजे सगळ्या लाटा १ मीटर नाही. सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दोन-तीन तास पाण्यात राहिलात तर एखादी जवळजवळ दुप्पट येणारच, ती काही अपवाद नाही, ती हिशोबातलीच आहे.

आता खरी गंमत. तुमचं वल्हं एकीकडे आणि कयाक दुसरीकडे गेली ना? मला वाचताना तिथेच कळलं. रिकामी कयाक पाण्यावर तरंगते, तिला वारा ढकलतो. वल्हं पाण्यात जवळजवळ बुडालेलं असतं, ते प्रवाहाबरोबर जातं. दोघं उलट दिशांना गेले म्हणजे वारा आणि प्रवाह समोरासमोर होते. वाऱ्याच्या लाटा समोरून येणाऱ्या प्रवाहात शिरल्या की त्यांची लांबी आखडते आणि उंची वाढते, उभ्या भिंतीसारख्या होतात. वर उधाणाचे दिवस (पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात जोरात असतं), त्यात तुम्ही टोकावर पोचलात ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात. बाराव्या भागाचा नियम ठाऊक असेल: सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ असं बारा भागांत उतरतं, म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी जातं. आणि टोकापाशी तेच पाणी अरुंद वाटेने वळसा घेतं म्हणून आणखी पळतं. तो पांढऱ्या पट्ट्याचा खडक अर्धा तास खांद्याशी होता म्हणता, म्हणजे तुमचा वेग आणि प्रवाहाचा वेग बरोबरीत होता. लोडेड कयाक तशीही तीनेक नॉट्सने जाते.

आणि ते टोकदार पाणी म्हणजे क्लॅपोटिस. लाटा कड्यावर आपटून परत येतात आणि येणाऱ्या लाटांना भेटतात, दोन माथे एका जागी आले की उंची दुप्पट. उथळ, उतरत्या किनाऱ्यावर हे होत नाही, खाली खोल पाणी असलेल्या सरळ कड्यापाशी होतं. कड्यापासून चांगलं लांब आलात की बरंचसं शांत होतं, पण भीती वाटली की माणूस जमिनीकडे सरकतो, आणि इथे जमीनच मारते.

पाठीवरच्या वाऱ्याने फसवलं ते वेगळंच. वारा पाठीवर असला की तो आहे त्याहून कमी वाटतो. जरा मागे वळून तोंडावर घेऊन बघायचा.

रोलवाला

सगळं मान्य, पण एवढं गणित कोण करतं? पूलमधला रोल हा रोलच नाही. खवळलेल्या पाण्यात दोन्ही बाजूंनी रोल बसवा, लो ब्रेस (वल्हं पाण्यावर दाबून तोल सावरणं) अंगात मुरवा, मग १ मीटर असो की २, काय फरक पडतो. मी तर फोरकास्ट निघताना एकदा बघतो, बास.

वल्हंवाली

रोलवाला दादा, रोल पक्का हवाच, पण तो संकटातून बाहेर यायला, आत शिरायला नाही. आणि वाऱ्यापुढे रोल काय करणार? मी नवीन लोकांना शिकवते, त्यांच्या बाबतीत मला लाटांपेक्षा जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्याची जास्त भीती वाटते. पहाटेचा मतलई वारा हलका असतो, त्याचं काही नाही, पण हवामान बदलताना तीच दिशा १५-२० नॉट्सची झाली की संपलं. बीचवर उभं राहिलं की समोरचं पाणी काचेसारखं दिसतं कारण मागच्या टेकडीने वारा अडवलेला असतो, सगळे म्हणतात आहा काय मस्त. नजर लांब टाका. तीनचारशे मीटरवर पाण्याचा रंग अचानक गडद होतो, बारीक सुरकुत्या असतात आणि त्या बाहेरच्या बाजूला पळत असतात. त्याच्या पलीकडे लाटांची पाठ आपल्याकडे असते म्हणून पांढरं फारसं दिसतच नाही. लाटांची डोकी तुरळक पांढरी व्हायला लागतात ७ ते १० नॉट्सला, सगळीकडे पांढरं दिसलं की ११ ते १६ समजा. वाऱ्याचा जोर वर्गाने वाढतो, १० चा २० झाला की ढकल चौपट.

२२ मार्च १९९३ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बेमध्ये नेमकं हेच झालं. आठ शाळकरी मुलं, एक शिक्षक, दोन इन्स्ट्रक्टर, किनाऱ्याकिनाऱ्याने जायची छोटीशी ट्रिप. जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याने ग्रुप बाहेर नेला, कयाक भरून बुडाल्या, चार मुलं गेली. त्यानंतर तिथे १९९५ मध्ये अशा साहसी उपक्रमांच्या सेंटर्सना परवाना लागू करणारा कायदा आला. मी नवीन बॅचला पहिल्या दिवशी हे सांगते, घाबरवायला नाही, समोरचं पाणी काचेसारखं दिसत असलं तरी वाऱ्याची दिशा विचारायची सवय लागावी म्हणून.

ओलाचिंब, निघायच्या आधी निदान दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघत जा. मोठ्या लाटा झुंडीने येतात, मधल्या शांत वेळात बघितलं तर समुद्र खोटं बोलतो. आणि जिथे उतरणार ती जागा आधी बघा, कारण समुद्रातून फुटणाऱ्या लाटांची फक्त पाठ दिसते, गुळगुळीत, आणि जवळ गेल्यावर कळतं पुढे काय आहे ते.

रोलवाला

ताई, मुद्दा घेतला. लाइम बेचं माहीत नव्हतं.

ओलाचिंब

बापरे, खारावारा, वल्ह्यावरून ओळखलंत हे भारीच. म्हणजे तासभर आधी निघालो असतो तर?

खारावारा

तासभर आधी निघून फार काही सुटलं नसतं, तेव्हाही ओहोटी जोर धरतच होती. एकतर सकाळी भरती पूर्ण होताना पाणी थबकतं तेव्हा टोक ओलांडून परत यायचं, नाहीतर तिकडेच थांबून दुपारी तीनच्या सुमाराची थबकण पकडायची. सगळीकडे प्रवाह अगदी भरती-ओहोटीच्या वेळेवर वळतोच असं नाही हं, तुमच्या टोकाचा हिशोब तिथल्या जुन्या लोकांना विचारा. वाऱ्याचा फोरकास्ट मात्र परतीच्या वेळेचा बघायचा. दुपारी खारे वारे चढतात हे शाळेतच शिकलोय आपण.

वल्हंवाली

तिसऱ्या प्रयत्नात आत आलात म्हणता, पहिले दोन का फसले?

ओलाचिंब

मित्र कयाक सरळ करून मला चढवत होता, आत पाणी तसंच, मी बसलो की परत कलंडायची.

वल्हंवाली

वाटलंच. आधी पाणी काढायचं. तुम्ही तुमच्या कयाकच्या मागच्या टोकाला जायचं, त्याने पुढचं टोक उलटंच स्वतःच्या डेकवर ओढून घ्यायचं, पाणी ओघळून गेलं की सुलटी करायची, मग दोन्ही कयाक शेजारी लावून त्याने तुमच्या कॉकपिटच्या कडेवर झोपल्यासारखं वजन टाकायचं आणि तुम्ही पाय मारत पोटावर चढायचं. हे शांत पाण्यात वीस वेळा झालं की मग जरा खडबडीत करा. तुमच्याकडचं पाणी कोमट असेल तर दहा-बारा मिनिटांचं काही वाटलं नसेल, पण १५ अंशांच्या खाली पहिलं मिनिट तर नुसती धाप आवरण्यातच जातं. खूप थंड पाण्यात पुढची दहाच मिनिटं हातपाय कामाचे असतात, मग बोटांना स्कर्टचा लूपसुद्धा ओढता येत नाही.

आणि व्हीएचएफ लाइफ जॅकेटच्या खिशात, दोरीने बांधून. मदत मागायचं चॅनल १६ लावायला मागचं हॅच उघडणार होतात का त्या पाण्यात?

ओलाचिंब

नाही हो. खिशात गेला तो कालच. येत्या रविवारी आम्ही दोघं आतल्या खाडीत फक्त हेच करणार आहोत, उलटायचं आणि चढायचं.

रोलवाला

वल्हं सापडलं का?

ओलाचिंब

सापडलं, काल. आम्ही निघालो होतो त्या पलीकडच्या बीचवर, वाळूत रुतलेलं. वाऱ्याच्या बरोब्बर उलट दिशेला.