अनुदान वस्तूंना द्यायचं की माणसांना? सोलापुरातल्या प्रतिष्ठानांसाठी एक चर्चा (प्रत्येक मताच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे)

बाळीवेस
सोलापुरात उद्योजकांची, व्यापारी घराण्यांची आणि कंपन्यांची प्रतिष्ठानं लहान संस्थांना अनुदान देतात. अनेक ठिकाणी अट असते की पगार, भाडं आणि कार्यालयीन खर्चाला पैसे मिळणार नाहीत. माझं म्हणणं, ही अट काढून टाकावी.

विडी कामगारांच्या वस्तीत ३० मुलांची अभ्यासिका धरा. आकडे नमुन्याचे आहेत, पण कुणीही आपल्या संस्थेत पडताळून पाहावेत. अर्धवेळ दोन शिक्षिका, महिना ६,००० प्रमाणे वर्षाला १,४४,०००. खोलीचं भाडं ४८,०००. वीज १२,०००. सतरंज्या, कपाट, पुस्तकं ४०,०००. चार केंद्रांवर मिळून एक पर्यवेक्षिका, तिच्या पगारातला या केंद्राचा वाटा ४८,०००. हिशेब लेखन आणि ऑडिटचा वाटा १८,०००. एकूण ३,१०,०००.

प्रतिष्ठान 'थेट मुलांसाठी' म्हणून शिक्षिका आणि सामान एवढंच मान्य करतं, म्हणजे १,८४,०००. उरलेले १,२६,००० संस्थेने कुठून आणायचे? रुपयातले चाळीस पैसे कमी देऊन पूर्ण रुपयाचा अहवाल मागणं चूक आहे. मग संस्था पर्यवेक्षिका काढून टाकते, आणि सहा महिन्यांत हजेरीवही कोरी पडायला लागते.

हिशेबनीस
बेरजेबद्दल वाद नाही. पण पैसे देणाऱ्या विश्वस्ताला काय दिसतं तेही पाहा. पगाराचा मथळा, म्हणजे हिशेबातलं खर्चाचं सदर, हा गैरप्रकाराला सर्वात सोपा. एकच पर्यवेक्षिका तीन देणगीदारांकडे प्रत्येकी पूर्ण पगारावर दाखवली जाते. भाड्याची एकच पावती दोन उपयोगिता प्रमाणपत्रांना (पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यांना) जोडलेली असते, आणि देणाऱ्यांची आपसात गाठ नसल्यामुळे ते कुणाच्याच लक्षात येत नाही. कपाट निदान जाऊन मोजता येतं.

दुसरा मुद्दा, तीन वर्षांनी अनुदान संपलं की पगार थांबतो आणि केंद्राला कुलूप लागतं. म्हणून पहिल्या वर्षी १०० टक्के, दुसऱ्या वर्षी ७५, तिसऱ्या वर्षी ५० अशी उतरती मदत हवी. भाड्याऐवजी वस्तीतलं समाजमंदिर घ्यावं. वस्तीचा हात लागला तरच काम टिकतं.

अशोक चौक
उतरती मदत जिथे उत्पन्न आहे तिथे चालते. टॉवेलच्या कापडाच्या पिशव्या शिवणारा बचत गट तिसऱ्या वर्षी निम्मा खर्च स्वतः उचलू शकेल. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. पान-तंबाखू कमी आलं की त्या दिवशीची मजुरीही कमी. तिच्याकडून अभ्यासिकेची फी वसूल करून ५० टक्के भरून काढा म्हणणं म्हणजे तिच्या मुलीला घरी बसवणं. अशा कामाला दुसरा देणगीदार शोधावा लागतो, आणि ते शोधायलाही पगारी माणूसच लागतो.

समाजमंदिर लग्नसराईत, बारशाला, तेराव्याला मिळत नाही. मुलांचा वर्ग आठवड्यात दोनदा बुडाला की गळती सुरू होते.

दुहेरी बिलाला उपाय आहे. मूळ बिलावरच 'अमुक अनुदानातून, इतकी रक्कम' असा शिक्का मारायचा आणि मग झेरॉक्स काढायची. झेरॉक्सवर मारलेल्या शिक्क्याचा उपयोग नाही. पगार वाटून घ्यायचा असेल तर कुठल्या दिवशी कुठल्या केंद्रावर, याचा महिन्याचा तक्ता आणि सर्व देणगीदारांचे वाटे एका पानावर मागा. बेरीज १०० टक्क्यांच्या वर गेली की लगेच दिसेल.

जुळे सोलापूर
कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) विभागातून 'कायद्याने ५ टक्क्यांपेक्षा जास्त प्रशासकीय खर्च देता येत नाही' असं उत्तर मिळतं. हा चुकीचा अर्थ आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च तिच्यात मोजला जात नाही. म्हणजे वरची पर्यवेक्षिका त्या ५ टक्क्यांत येत नाही. विदेशी देणगीची गोष्ट वेगळी. तिथे २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देणंही बंद झालं.

तसंच '३१ मार्चच्या आत संपवा' हा धोशा. प्रकल्प बहुवार्षिक म्हणून सुरुवातीलाच संचालक मंडळाने मंजूर केला असेल, तर न खर्चलेली रक्कम कंपनीला वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. फेब्रुवारीत धनादेश देऊन मार्चअखेर पावत्या मागितल्या की संस्था शिलाई मशीनच घेणार, कारण दुसरं काय एवढ्या वेळात खरेदी होतं?

हिशेबनीस
५ टक्क्यांचा खुलासा मान्य. पण कायदा परवानगी देतो म्हणून विश्वस्ताने द्यावंच असं नाही. पगार द्यायचा तर नेमणूकपत्र, बँकेतून पगार, आणि विश्वस्तांचा नातेवाईक नाही याची लेखी हमी, या तीन गोष्टींवाचून मी पुढे सरकणार नाही.

होटगी रोड
वस्तू मोजता येतात म्हणता, तर पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लँटचं उदाहरण घ्या. बोअरचं जड पाणी असलेल्या गावात प्लँट बसवला, फलक लागला, फोटो निघाले. पुढे फिल्टर तुंबतो, तो वेळेवर बदलला नाही की मेम्ब्रेनवर (पाणी गाळणाऱ्या पडद्यावर) क्षार चढतात, पाण्याचा दाब पडतो, आणि प्लँट बंद. मोजायला गेलात तर प्लँट जागेवरच आहे.

चालणारा प्लँट असा: २० लिटरच्या जारला ५ रुपये, दिवसाला १०० जार, महिन्याला १५,०००. त्यातून चालवणाऱ्याला ७,०००, वीज ४,०००, बाकी ४,००० वेगळ्या खात्यात. वर्षाचे ४८,००० फिल्टर, मेम्ब्रेन आणि पंपासाठी. पण १०० जारपर्यंत पोहोचायला महिने लागतात, आणि तोवरचा चालवणाऱ्याचा पगार अनुदानात धरलेला नसतो.

नवी पेठ
पगार की वस्तू हा वाद अर्ज पात्र ठरला तर. इथल्या बऱ्याच जुन्या मंडळांचे अर्ज त्याआधीच अडकतात, आणि तेही चेंज रिपोर्टमुळे. विश्वस्त वारले किंवा बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजेच चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. तो दिलेला नसतो. मग शेड्यूल वनच्या (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त नोंदवहीच्या) उताऱ्यावर जुनी नावं, ठरावावर नवी सही, आणि प्रतिष्ठान म्हणतं की सही करणाऱ्याला अधिकारच दिसत नाही.

सोसायटी असेल तर १८६० च्या कायद्याखालचं आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचं, दोन्ही प्रमाणपत्रं लागतात. लोक एकच जोडतात. सीएसआरचा पैसा हवा तर १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-१ (असा पैसा घेण्यासाठीची नोंदणी) चा क्रमांक आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. नव्या महिला मंडळाला ही दारं बंदच आहेत. त्यांच्यासाठी स्थानिक खासगी प्रतिष्ठानांनी ५०,००० पर्यंतचं छोटं अनुदान ठेवावं, दोन पानी अर्जावर. आणि चेंज रिपोर्टसाठी वकिलाची फी हा अनुदानाचाच एक मथळा करावा. कपाटापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

बाळीवेस
नवी पेठ यांची सूचना उत्तम. आता हप्त्यांबद्दल, कारण खरी कोंडी तिथे होते. ५०-४०-१० टक्के असे हप्ते धरा. वरच्या ३,१०,००० मधले पहिले १,५५,००० जूनच्या सुरुवातीला आले. सामानाचे ४०,००० गेले, उरले १,१५,०००. महिन्याचा खर्च २२,५००, म्हणजे पैसे ऑक्टोबरअखेर संपतात. पण करारात सहामाही अहवालानंतर दुसरा हप्ता असतो. अहवाल डिसेंबरात, विश्वस्तांची बैठक जानेवारीत. नोव्हेंबर-डिसेंबरात शिक्षिकांनी काय करायचं? सहामाहीऐवजी 'पहिल्या हप्त्याचे ७० टक्के खर्च झाले की मागणी' अशी अट घाला. ती वेळ सप्टेंबरच्या सुरुवातीला येते, प्रतिष्ठानाला दोन महिने मिळतात. शेवटचे १० टक्के मागे ठेवणंही बंद करा. त्या ३१,००० मुळे एप्रिलमध्ये पैसा आटतो आणि मेचा पगार पूर्ण थकतो.

हिशेबनीस
७० टक्क्यांची अट चांगली, मी तिच्या बाजूने आहे. शेवटचे १० टक्के मात्र सोडणार नाही. ते हातात नसले की सीएची सही असलेलं उपयोगिता प्रमाणपत्र पुढच्या दिवाळीपर्यंत येत नाही.

अशोक चौक
मग १० टक्के चालू वर्षातले रोखू नका. पूर्ण रक्कम द्या आणि प्रमाणपत्र येईपर्यंत पुढच्या वर्षाचा पहिला हप्ता थांबवा. धाक तोच राहतो, मेचा पगार थकत नाही.

हिशेबनीस
तीन वर्षांच्या करारात पहिली दोन वर्षं हे चालेल. तिसऱ्या वर्षी पुढचा हप्ता नसतो, तिथे ५ टक्के तरी रोखावेच लागतील, आणि ते पगाराच्या मथळ्यातून न रोखता ऑडिटच्या मथळ्यातून रोखावेत.